किलोमीटरला पंधरा रुपये साठ पैसे: माझी फॉरेस्टर, तिचं मायलेज आणि गगनबावड्याचा चिखल

फुलेवाडीच्या पंपावरचा पोरगा नोझल उचलायच्या आधीच म्हणतो, “पहिल्या कटला थांबवतो मॅडम, राउंड करत नाही.” टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं, तो पहिला कट. एवढं त्याच्या अंगवळणी पडायला सहा महिने गेले. आधी त्याला वाटायचं, बाईला सुट्ट्या पैशांची हौस आहे. ४१.३६ लिटर म्हणजे ४१.३६ लिटर, बिल कितीही वेडंवाकडं होऊ दे. मी किलोमीटरचा आकडा वहीत लिहिते, ट्रिप मीटर शून्यावर आणते आणि निघते. वही म्हणजे लसीकरणाची जुनी नोंदवही. डाव्या पानावर लाळ्या-खुरकुताच्या लसी, उजव्या पानावर पेट्रोल.

पंपावर कुणी नवीन असला की हमखास विचारतो, “टव्हेरा का ही?” पुढं शेवरोलेचं चिन्ह, गाडी लांबुळकी, त्यामुळं त्याची चूक म्हणता येत नाही. ही शेवरोले फॉरेस्टर. बनवली जपानात सुबारूनं. त्या काळी सुबारूच्या मूळ कंपनीत जनरल मोटर्सचा हिस्सा होता, म्हणून भारतात ती शेवरोलेच्या नावानं आली. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, हातानं टाकायचे पाच गिअर आणि चारही चाकांना कायम ताकद. चारचाकी ओढ चालू-बंद करायचं बटण नाही. तुम्ही गंगावेशीत दूध आणायला जा नाहीतर भुईबावडा घाट चढा, चारही चाकं ओढतातच. लोक हिला एसयूव्ही म्हणतात, पण आत बसलं की कळतं, ही खरी स्टेशन वॅगन. बसायची जागा कारसारखी खाली, छप्पर मागपर्यंत सरळ, आणि डिकीचा उंबरा एवढा खाली की जनावरांचं गोठवलेलं वीर्य ठेवायचा, द्रव नायट्रोजनचा भरलेला कॅन मी एकटी आत सरकवते. बोलेरोत तोच कॅन चढवताना दोनदा कंबर धरलीय.

गाडी मूळ माझ्या मामांची. शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री. २००५ साली त्यांनी ही नवी घेतली. २०१६ मध्ये गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना, तेव्हा दोन लाख दहा हजारांना मला दिली. “फुकट मिळालेल्या गाडीची सर्व्हिसिंग कुणी करत नाही,” म्हणाले आणि चेक वाजवून घेतला. तेव्हा काटा ७१ हजारांवर होता, आज एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांवर आहे. मधले सगळे किलोमीटर माझे. मी जनावरांची डॉक्टर. फुलेवाडीतला दवाखाना नावाला. खरं काम कळे, साळवण, असळज, गगनबावडा आणि तिथून आत वाड्यांवर.

ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: “किती देते?” मामा कायम “बारा” सांगायचे. टाकी फुल्ल करून मोजायची त्यांना सवय नव्हती, आत्मविश्वास होता. माझी वही वेगळं सांगते.

एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात गाडी १४,२०० किलोमीटर चालली आणि १,५६० लिटर पेट्रोल प्याली. म्हणजे सरासरी ९.१. पण सरासरी हा आकडा फसवा असतो. रंकाळ्यापासून शाहूपुरीपर्यंतच्या तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्या, इंजिन गरम व्हायच्या आत बंद, दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर उभं राहणं, यात ती ७.२ देते. गगनबावडा रस्त्यावर ५५-६० च्या चालीनं, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, १०.८. पुणे-बंगळूर महामार्गावर एकदा सातारला जाऊन येताना मुद्दाम ८०-८५ च्या वर गेले नाही, तर ११.६ मिळाले. मामांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, “मग मी काय सांगत होतो?” त्याच रस्त्यावर पुढच्या महिन्यात घाईत १०५-११० नं गेले, ९.३. शंभराला इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि गाडीचं तोंड कपाटासारखं चपटं, वारा कापायला तिला जोर लावावा लागतो. महामार्गावर वीस-पंचवीसचा वेग सोडला की लिटरमागं दोन किलोमीटर हातात येतात. सातारपर्यंत एकशेवीस किलोमीटरला फार तर वीस-बावीस मिनिटं उशीर.

वहीत एक गोष्ट दिसली जी मला आधी खरी वाटली नव्हती. पावसाळ्यापेक्षा हिवाळ्याचं मायलेज खराब. चिखलात पेट्रोल जास्त जातं हे खरं, पण चिखल तीन-चार किलोमीटरचा असतो. नोव्हेंबर ते मार्च मात्र बालिंग्यापासून पुढं उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग, ओव्हरटेकला समोरून दुसरा ट्रॅक्टर. दुसऱ्या गिअरात पंधरा मिनिटं, तिसरा टाकला की परत ब्रेक. त्या महिन्यांत हाच रस्ता साडेनऊवर येतो.

का पिते इतकी? मी इंजिनिअर नाही, पण मामांच्या फौंड्रीतल्या फिटरनं गाडी रॅम्पवर घेऊन मला खाली बोलावून दाखवलं होतं. साध्या गाडीत इंजिनची ताकद पुढच्या दोन चाकांना मिळते आणि मागची चाकं नुसती गडगडत येतात. इथं गिअरबॉक्समधून एक लांब शाफ्ट मागं जातो, मागं आणखी एक डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच), त्यातून दोन शाफ्ट मागच्या चाकांना. हे सगळं लोखंड चोवीस तास फिरतं, तेलात घुसळतं, आणि त्याचं वजनही आपणच वाहून नेतो. कोरड्या डांबरावर त्याचा उपयोग शून्य, खर्च पूर्ण. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मागची चाकं गरज लागली तरच जोडली जातात, त्यामुळं त्यांना एवढा भुर्दंड पडत नाही. ही जुन्या वळणाची आहे. सून घरात आली की कायमचीच आली.

आता इथेनॉल. याविषयी कोल्हापुरात बोलणं म्हणजे घरातल्या घरात भांडण लावणं. माझ्या भावाचा ऊस कारखान्याला जातो, मळीचं इथेनॉल होतं, आणि शेवटी माझ्याच टाकीत येऊन पडतं. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचं लक्ष्य देशानं २०२२ मध्ये गाठलं आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी उष्णता असते, हे रसायनशास्त्र आहे, त्यात पक्ष नाही. २०२१ मध्ये माझी वर्षाची सरासरी ९.६ होती, आता ९.१. पाच टक्क्यांची घट. गाडी चार वर्षांनी म्हातारी झाली हेही त्यात आलं. भाऊ म्हणतो, “मायलेज पडलं तर पडलं, उसाचं बिल येतंय न्हवं?” त्याचं बरोबर आहे, फक्त बिल त्याला येतं.

मायलेजपेक्षा मला काळजी होती रबराची. वीस वर्षांपूर्वीचे पेट्रोलचे पाईप या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी तुकडे मी बदलून घेतले, इथेनॉल चालणारे. क्लिपांसह ३,२०० रुपये झाले. जुना पाईप मिस्त्रीनं वाकवून दाखवला तर बाहेरून शाबूत, आतून चिकूच्या सालीसारखा भेगाळलेला. अशी जुनी पेट्रोल गाडी घेणार असाल तर हे काम पहिल्या आठवड्यात करा. दुसरं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात मी टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. टाकी साठ लिटरची आहे, अर्धी म्हणजे तीस. बावड्याला जाऊन-येऊन निवांत.

इथेनॉलवर सगळं खापर फोडायची मला इतकी सवय लागली की त्यापायी एकदा पंचेचाळीस हजारांना बसले. तो किस्सा सविस्तर सांगते, कारण अशी गाडी घेणाऱ्याला मायलेजच्या कुठल्याही आकड्यापेक्षा तो जास्त उपयोगी आहे.

२०२३ चा गणपती झाला होता. असळजच्या पुढं एका वाडीवर गाय बघून येताना जांभ्याच्या दगडानं पुढच्या डाव्या टायरची कूस फाडली. कूस फाटली की पंक्चर निघत नाही, टायर बादच. स्टेपनी चढवून शहरात आले. एका टायरवाल्यानं सल्ला दिला, “पुढचे दोन्ही नवीन टाका मॅडम, मागचे अजून दहा हजार किलोमीटर जातील.” साध्या कारला दोनच टायर बदलले तर चालतं. मी हो म्हटलं. स्टेपनी परत डिकीत, पुढं दोन नवे, मागं दोन अर्धे झिजलेले.

पुढच्या दोन टाक्यांना ८.३ आणि ८.२. मी वहीत शेजारी लिहिलं, “इथेनॉल वाढवलं वाटतं.” त्याच दिवसांत पेट्रोलातलं प्रमाण खरंच वाढत चाललं होतं, त्यामुळं शंका यायला जागाच नव्हती. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यासमोर गाडी वळवून लावताना, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं की गाडी अडायला लागली. हँडब्रेक ओढलेला असल्यासारखी. क्लच सोडला की उडी मारायची, थांबायची, परत उडी. शिवाय लांबून आलं की गाडीच्या मधल्या भागाखालून जळक्या तेलाचा वास.

शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडं नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “टायर कधी बदलला?”

“तीन आठवडे झाले.”

“किती?”

“दोन.”

“दोनच का?” आणि आत जाऊन शिंप्याचा टेप घेऊन आले. पुढच्या टायरभोवती टेप फिरवला, मागच्याभोवती फिरवला, आणि दोन्ही जागी अंगठ्याचं नख लावून मला दाखवलं. मध्ये एक इंचाचा फरक. या गाडीला चारही टायरांचा घेर पाव इंचाच्या आत सारखा लागतो. पुढचं चाक मोठं, मागचं लहान. म्हणजे तेवढंच अंतर कापायला मागच्या चाकाला जास्त फेऱ्या. साध्या गाडीत कुणाला पत्ताही लागत नाही. इथं पुढचं आणि मागचं एकमेकांना बांधलेलं. त्यांच्यामध्ये घट्ट तेलाचा एक डबा असतो, व्हिस्कस कपलिंग. पुढची चाकं घसरली की त्यातल्या चकत्या वेगवेगळ्या गतीनं फिरतात, आतलं तेल तापून फुगतं, चकत्या एकमेकींना धरतात आणि मागच्या चाकांकडं जास्त ताकद जाते. हे काम त्यानं चिखलात दोन मिनिटं करायचं असतं. माझ्या कृपेनं तो डबा तीन आठवडे, प्रत्येक किलोमीटरला, सपाट डांबरावर झिजत होता. शेवटी तो घट्ट झाला तो झालाच. दहा टक्के पेट्रोल तिथं जळत होतं आणि मी शिव्या साखर कारखान्यांना देत होते.

पुण्यात भंगारात निघालेल्या एका गाडीतलं कपलिंग मिळालं, ३८ हजार. काढण्या-घालण्याची मजुरी सात हजार. वर मागचे दोन टायर नवे घ्यावे लागलेच. तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात शिंप्याचा टेप असतो. टायर घ्यायचे तर चार, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. आठ हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं. स्टेपनीवर लांब जायचं नाही. आणि टाकीचं मायलेज लागोपाठ दोनदा अर्ध्या किलोमीटरनं पडलं तर आधी टायर मोजायचे, मग सरकारला नावं ठेवायची.

टायरवरून आठवलं. चाकांची हवा मी माझ्या गेजनं बघते, पुढं ३२, मागं ३०, सामान जड असेल तर मागंही ३२. दोन पौंड कमी झाली की गगनबावडा रस्त्यावर ०.३ चा फरक वहीत दिसतो. महामार्गावरच्या एका पंपावर पोरानं आग्रह धरला, “नायट्रोजन मारून घ्या मॅडम, चाकाला वीस रुपये, मायलेज वाढतंय.” डिकीत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन भरून ठेवलेला होता. त्याला झाकण उघडून दाखवायचा मोह झाला, पण मागं रांग होती. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो बाबा, तू साधीच भर.

आता पूर्ण हिशोब, त्याच वर्षाचा. पेट्रोल सरासरी १०४ रुपयांनी धरलं तर १,६२,२४० रुपये. चार टायरांना २९,६०० पडले आणि ते चाळीस हजार किलोमीटर जातात, म्हणजे या वर्षाच्या वाट्याला साडेदहा हजार. इंजिन ऑईल सहा हजार किलोमीटरला बदलते, फिल्टरसह वर्षाचे साडेसात हजार. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल तीस हजारांना एकदा, वाटा सतराशे. हे मागचं तेल लोक विसरतात, कारण साध्या गाडीत ते नसतंच. टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर आणि वॉटर पंप असा संच दुबईत असणाऱ्या मावसभावानं बॅगेतून आणला, मजुरीसह तीस हजार. लाख किलोमीटरला एकदा, म्हणून वर्षाचे सव्वाचार हजार. यात कंजुषी नको, हा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिन किलोच्या भावानं जातं. विमा फक्त थर्ड पार्टी. दीड हजार सीसीच्या वरच्या खासगी गाडीला ७,८९७ अधिक जीएसटी, म्हणजे ९,३१८. पूर्ण विमा मी सोडला, कारण गाडीची विम्यातली किंमत आणि म्हशीची किंमत आता एकच झालीय. बॅटरी, वायपर, धुणं यांचे साडेचार हजार. सस्पेन्शन आणि किरकोळ दुरुस्ती बावीस हजार.

सगळं मिळून दोन लाख बावीस हजार. भागिले १४,२००. किलोमीटरला साधारण पंधरा रुपये साठ पैसे, त्यात पेट्रोल अकरा रुपये बेचाळीस पैसे.

ते बावीस हजार अजून जास्त झाले असते, जर मी कोल्हापुरात राहत नसते. जनरल मोटर्सनं भारतातली विक्री २०१७ मध्ये बंद केली, आणि फॉरेस्टर त्याच्याही कितीतरी आधी बंद झालेली. शोरूममधून सुटा भाग मिळण्याचा प्रश्नच नाही. पण उद्यमनगरात जुना बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातला लोखंडी-रबरी तुकडा, घेऊन गेलं की तिथली माणसं तो हातात फिरवून बघतात, व्हर्नियर लावतात आणि म्हणतात, “परवा या.” मागच्या आर्मचे चार रबरी बुश मी असेच करून घेतले. बाहेरची लोखंडी नळी लेथवर कातली, आत साचात रबर भरलं. नगाला नऊशे रुपये. बाहेरून मागवले असते तर भाड्यासह तिप्पट गेले असते. पहिल्या वेळी रबर जरा कडक झालं, खड्ड्यात दणके बसायला लागले. परत नेले तर त्यांनी न कुरकुरता मऊ रबरात दुसरे भरून दिले. सव्वा वर्ष झालं, अजून आवाज नाही. स्पार्क प्लगचं काम मात्र कुणी आनंदानं घेत नाही. या इंजिनात सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे असतात, त्यामुळं प्लग चॅसीच्या बाजूला तोंड करून बसलेत. चार प्लगना दोन तास आणि हाताची सालपटं.

माझ्या वर्गमित्राकडं पेट्रोल हॅचबॅक आहे, अठरा देते. त्याला पेट्रोल किलोमीटरला पावणेसहा रुपये, मला साडेअकरा. चौदा हजार दोनशे किलोमीटरला नुसत्या पेट्रोलचा फरक ८० हजार. हे आईला कळलं तेव्हापासून दर दिवाळीत ऐकतेय, “मी सांगतो तुला, वीक ती गाडी अन् एक नीट घे.”

मग का ठेवलीय? गेल्या जुलैतली एक रात्र सांगते.

साडेअकराला फोन. बावड्याच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा, “मॅडम, म्हस अडलीया. एकच पाय दिसतोय.” रात्रभर थांबायचा विषय नव्हता. कोल्हापुरातून गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी शेताला टेकलं होतं, अजून रस्त्यावर आलं नव्हतं. (आलं असतं तर परत फिरले असते. चार चाकं ओढतात म्हणून गाडी होडी होत नाही, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरानं इथल्या सगळ्यांना शिकवलंय.) गावाच्या पुढं डांबर संपलं. तीन किलोमीटर तांबडी वाट, खाली जांभा, वर बोटभर लोण्यासारखा चिखल. वळणावर म्हशीचा मालक पोराला घेऊन बॅटरी दाखवत उभा, अंगावर प्लॅस्टिकचं खोळ.

“गाडी हिकडंच लावा मॅडम, फुडं रुतंल. परवा ट्रॅक्टर अडाकलता.”

सामान तीस किलो, पाऊस आडवा. मी म्हटलं, बघूया. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एका जागी धरलेला, मध्ये पाय उचलायचा नाही. पुढची चाकं अर्धा फेरा मोकळी फिरली, इंजिनचा आवाज चढला, आणि मग मागून कुणीतरी कमरेला हात लावून ढकलावं तशी गाडी सरकली. परत घसरली, परत ढकलली. असं करत दोन किलोमीटर. शेवटच्या ओढ्याच्या कडेला पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक एकाच वेळी अधांतरी झालं, तिथं मात्र ती थांबली. अधांतरी चाकंच फिरत बसतात, टेकलेली गप्प. हे या गाडीला जमत नाही, डिफरन्शियल लॉक करता येणाऱ्या जीपला जमतं. पोरानं गोठ्यातून दोन गोणपाटं आणून चाकाखाली घातली आणि निघाली.

रेडकाची मान मागं वळलेली होती. अडीचला जिवंत बाहेर आलं. फी दीड हजार. घरी आल्यावर मोजलं, जाऊन-येऊन ११६ किलोमीटर, १२.९ लिटर, १,३४० रुपये. शिल्लक १६० आणि एका स्टीलच्या डब्यात शेरभर तूप.

अशा, दुसऱ्या कारनं गेलेच नसते अशा, व्हिजिटा जून ते सप्टेंबरमध्ये एकसष्ट झाल्या. त्यांची फी सदुसष्ट हजार. हॅचबॅकच्या तुलनेत पेट्रोल ऐंशी हजारांनी जास्त. म्हणजे एवढं करूनही तेरा हजार खिशातूनच जातात. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

तेव्हा ऐका. शहरात फिरायला, वर्षातून दोनदा गोव्याला जायला ही गाडी घेऊ नका. त्या कामाला ती पैशांची भट्टी आहे. महिन्याला पाचशे किलोमीटरच्या आत वापर असेल, जुन्या यंत्रात हात काळे करायची हौस असेल, आणि घरापासून उद्यमनगर किंवा तसली एखादी गल्ली जवळ असेल तर घ्या. बघायला जाताना शिंप्याचा टेप न्या आणि चारही टायरांचे घेर मोजा. मग मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पहिल्या गिअरात हळू गोल फिरवा. गाडी अडली किंवा उडी मारली तर किमतीतून निदान पंचेचाळीस हजार कमी करा. टायमिंग बेल्टचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. दारांच्या काचांना वर चौकट नाही, त्यामुळं कडेचं रबर दाबून बघा, नाहीतर पावसात उजवी मांडी कायम ओली. माझी आहे.

माझ्या गाडीची नोंदणी जून २०२५ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी नव्यानं करून घेतली. शेवटची टाकी: ३८७ किलोमीटर, ४२.१ लिटर, ९.१९.